चॅप्टरची खुर्ची

गणपती जवळ आले की ‘चॅप्टर’च्या नोटिसा सुटतात. निवडणूक असली तर गठ्ठेच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या ‘चॅप्टर’वरून पडलेलं हे नाव. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते प्रकरण नववं झालं, कलम १०७ चं १२६ झालं. वकिलांच्या तोंडून ‘एकशेसात’ काही जात नाही.

नोटीस बहुधा छापील. नाव, पत्ता, तारीख तेवढी पेनानं भरलेली. तुमच्याकडून शांतताभंग होण्याचा संभव आहे, सबब वर्षभरासाठी अमुक रकमेचं बंधपत्र का घेऊ नये, याचं कारण दाखवा. गुन्हा घडलेला नाही, नुसता संशय आहे. असो, संशय कधी खराही ठरतो. पण कारण दाखवायचं कुणाला? गावाकडे तहसीलदाराला. तो निदान खाकीत नसतो. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयात मात्र प्रस्ताव पाठवणार पोलीस ठाणं आणि ‘विशेष कार्यकारी दंडाधिकारी’ म्हणून समोर बसणार सहायक पोलीस आयुक्त. फिर्याद खाकीची, निवाडाही खाकीचा.

तडीपारीत तर याच्याही पुढची मजल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली शहरात पोलीस उपायुक्त माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवू शकतो. साक्षीदारांची नावं बहुतेक वेळा गुप्त. अपील राज्य सरकारकडे, म्हणजे पुन्हा कार्यकारी यंत्रणेच्याच दारी. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जालन्यातला असाच एक आदेश रद्द केला. हा उपाय अपवादानंच वापरायचा, आणि पुरी दोन वर्षं का, हे लिहायला हवं, असं बजावलं. तिथवर पोचायला खिसा मात्र लागतो.

न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करा, असं राज्यघटनेचा अनुच्छेद ५० सांगतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तो मांडला तेव्हा त्यात तीन वर्षांची मुदत होती; चर्चेत त्यांनीच ती गाळली. मुदत गेली आणि आयुक्तालयांत चॅप्टरची खुर्ची आजही पोलिसांकडेच आहे. ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे द्यावी. कामाचा बोजा वाढेल, ही सबब मला पटत नाही.

तोवर, नोटीस घरी आलीच तर एवढं पाहा: तुमच्याविरुद्ध नेमकी काय माहिती मिळाली, त्याचा सारांश त्यात लिहावाच लागतो. तो नसेल तर बंधपत्रावर सही करण्याआधी वकील गाठा.