विमानाचे तिकीट आणि पेढीचा भाव

सांबऱ्याहून उडणाऱ्या एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी निरनिराळे दाम मोजलेले असतात, ही गोष्ट आपल्या पुष्कळ व्यापारी बंधूंना खटकते. अडत बाजारात धान्याच्या एका ढिगाला लिलावात एकच भाव पडतो. मग विमानातच हा भेद का, असा त्यांचा सवाल असतो. परंतु या पद्धतीला सरसकट लूट म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

आपली ज्वारी आज खपली नाही तर वखारीत राहते. विमानाची खुर्ची मात्र भाजीपाल्याहूनही नाशवंत. विमानाने जमीन सोडली की रिकाम्या खुर्चीचे मोल शून्य. म्हणून कंपन्या एकसारख्याच खुर्च्यांचे अनेक वाटे पाडतात. थोड्या स्वस्त, त्या संपल्या की पुढचा वाटा महाग; आणि कोणता वाटा केव्हा खुला करावयाचा हे मागणी पाहून गणकयंत्र ठरविते. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ साली ‘सुपर सेव्हर’ दर काढले, तेव्हापासून या रीतीने मूळ धरले. शिखरजीच्या यात्रेस निघणारे कुटुंब तारीख कित्येक महिने आधी नक्की करते. व्यापाऱ्याला निरोप येतो तो आदल्या रात्री. कंपनी त्याचा पोशाख पाहत नाही, घाई पाहते. सामानाचे व खाण्याचे पैसे वेगळे पडतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी आपल्या पट्टीवरील हमाली-तोलाई आठवावी!

येथवर आमची तक्रार नाही. परंतु सौद्यासाठी धावणारा आपला खर्च मालावर चढवू शकतो. इस्पितळात अत्यवस्थ पडलेल्या आईकडे निघालेला मुलगा तो कोणावर चढविणार? यंत्राला दोघांची घाई सारखीच दिसते. तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे व भेसळ हे अचौर्यव्रताचे अतिचार गणले आहेत. येथे माप खोटे नाही, भेसळही नाही. तरी अडलेल्याकडून हवे ते घेणे आपल्या पेढ्यांच्या रीतीत बसत नाही.

सरकारला हे अशक्य आहे असेही नाही. कोरोनाच्या साथीत मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्याला खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडली, तेव्हाही ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. ‘उडान’ योजनेत, जिच्यात २०१९ साली बेळगावचा समावेश झाला, तासाभराच्या प्रवासास सुमारे २,५०० रुपये असा दर विमानातील ठराविक खुर्च्यांना बांधून दिला होता. मात्र त्यासाठीचे अनुदान एका मार्गाला तीनच वर्षे. निपाणीकर त्यातल्या त्यात सुदैवी. त्यांना कोल्हापूर जवळ असल्यामुळे दोन विमानतळांचे भाव ताडून पाहता येतात.

आपल्या संघाने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे एक ठराव पाठवावा, असे आम्हांस वाटते. प्रत्येक उड्डाणात निदान दोन खुर्च्या शेवटच्या दिवसापर्यंत बांधील दराने राखाव्यात व त्या आजारपण किंवा मृत्यूचा दाखला आणणाऱ्यासच द्याव्यात. व्यापाऱ्यांचे भाडे कमी करावे, अशी मागणी त्या ठरावात नसावी.