विसाव्याला कार्ड कशाला?

वाटसरू दारात टेकला की आधी तांब्याभर पाणी द्यायचं आणि मग 'कुण्या गावचे पाव्हणे?' म्हणून विचारायचं, ही आमच्याकडची रीत. आधी चौकशी आणि मग पाणी, असं केलेलं आमच्या आईला कधी खपलं नाही. चैत्र लागला की चाकुरात रस्त्याच्या कडेला पाणपोई लागायची. छपराखाली दोन रांजण, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण आणि साखळीनं बांधलेलं एक टमरेल. साखळी टमरेलाला असायची, पाण्याला नसायची.

हे आठवायचं कारण म्हणजे विमानतळावरचा लाऊंज. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लातूर रोडला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत आपण फलाटावर तास न् तास काढतो, तसं विमानाचंही असतंय. एका विमानातून उतरलं आणि पुढच्याला चार-पाच तास असले की मधला वेळ तिथंच काढायचा. त्या वेळात निवडक लोकांनी आरामात बसावं म्हणून काचेच्या दाराआड जी जागा केलेली असते, तिला लाऊंज म्हणतात.

मागं एकदा पुतण्यासोबत दिल्लीला निघालो होतो. चाकूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड, तिथून विमानानं एका मोठ्या शहरात आणि पुढचं विमान पाच तासांनी. चहाचा भाव विचारून मी गुमान खुर्चीवर येऊन बसलो आणि पिशवीतले धपाटे काढले. पुतण्या म्हणाला, "काका, इथं कशाला बसायलाव? लाऊंजला चला. माझ्या कार्डावर एक पाव्हणा चालतो. फुकट हाय."

गेलो. दारातल्या पोरानं कार्ड मशीनला लावलं, दोन रुपये कापले आणि दार उघडलं. आत मऊ सोफे, इडली, उपमा, भात, दोन भाज्या, गुलाबजाम, मशीनचा चहा. पाहिजे तितकं घ्या, कुणी मोजत नाही. मी जेवलो, चहा दोनदा घेतला, पाय लांब करून घटकाभर डोळाही लावला. बरं वाटलं. पण खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून गप्प बसावं, हे मला पटत नाही.

पहिलं म्हणजे, ते फुकट नसतंय. आपल्या प्रत्येक जेवणामागं बँक त्या लाऊंजला पैसे मोजते. बँक ते आणते कुठून? कार्डाच्या वार्षिक फीमधून, ज्यांचा हप्ता थकला त्यांच्याकडून घेतलेल्या भरमसाट व्याजातून आणि दुकानदाराच्या प्रत्येक बिलातून कापलेल्या कटातून. दुकानदार तो कट मालाच्या किमतीत धरतो. म्हणजे रोख पैसे देऊन तेलाची पिशवी घेणारी बाईसुद्धा माझ्या त्या गुलाबजामात थोडीफार वाटेकरी आहे. तिला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं याहून वाईट. अलीकडं पुष्कळ बँकांनी अट घातलीय, की मागच्या तीन महिन्यांत कार्डावर अमुक इतका खर्च केला असेल तरच लाऊंजचं दार उघडेल. माणूस किती दमलाय, म्हातारा आहे का, सोबत तान्हं लेकरू आहे का, हे त्या मशीनला कळत नाही. त्यानं किती उधळलं तेवढंच कळतं. विसावा दमलेल्याला मिळावा, ही साधी गोष्ट आपण उलटी करून टाकली. आता तो खर्च केलेल्याला मिळतो.

आम्ही आत असतानाच दारात एक म्हातारी आली. संगं सून, सुनेच्या खांद्यावर लेकरू. म्हातारीच्या हातात दुधाची बाटली होती आणि तिला भुकटी कालवायला गरम पाणी पाहिजे होतं. पोरगा म्हणाला, "मॅडम, कार्ड?" तिला वाटलं तो विमानाचं तिकीट मागतोय. तिनं ते पुढं केलं. पोरगा अवघडला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि बाहेरच्या दुकानाकडं बोट केलं. पुतण्या उठला, आतलं पाणी पेल्यात घेऊन बाहेर देऊन आला. तेवढ्यासाठीसुद्धा दारातल्या पोरानं त्याला 'सर, असं चालत नाही' म्हणून ऐकवलंच. पोराला दोष देत नाही. तो आठ-आठ तास उभा राहतो आणि मागच्या सोफ्यावर त्याला टेकता येत नाही.

उष्टी ताटं उचलणारी बाई आमचं बोलणं ऐकून थबकली. देगलूरकडची निघाली. मी विचारलं, "ताई, एवढं उरलेलं अन्न काय करता?" ती म्हणाली, "टाकावं लागतं काका. वर कॅमेरा हाय." ताटात न शिवलेल्या तीन इडल्या होत्या. ज्वारीचं एक कणीस रानात राहिलं तर पाखराच्या नावानं राहू देणारा माणूस मी. मला तिथं बसवेना.

आता कुणी म्हणेल, कार्डच लागतंय तर काढून घ्या की. कार्ड माझ्याकडंही आहे. किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ही योजना आली. ते कार्ड मिळवायला सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गावातल्या प्रत्येक बँकेची बेबाकी लागते. तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर ४ टक्के. सोयाबीनचा भाव पडला की वेळेवर फेडायचं कसं, ते मात्र योजनेत नाही. या कार्डावर मी बियाणं, खत, फवारणी सगळा खर्च करतो. पण या खर्चानं कुठल्याच लाऊंजचं दार उघडत नाही. खर्च खर्चातही जात असतीय.

तिसरी गोष्ट. विमानतळ कुणाच्या पैशावर उभा राहतो? प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटात विमानतळ विकासाचं शुल्क धरलेलं असतं. फरशीवर बसून चार्जिंगच्या खोबणीला मोबाईल लावणाऱ्या मजुरानंही ते भरलेलं असतं. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हा हवाई चप्पलवाल्यालाही विमानात बसता येईल असं सांगितलं गेलं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा घातली. ते विमान पुढं बंद पडलं, मग दुसऱ्या कंपनीचं आलं, ते असो. पण चप्पलवाला विमानतळावर पोचल्यावर त्यानं पाणी कुठं प्यायचं, चहा काय भावानं घ्यायचा, पाठ कुठं टेकायची, याचा विचार राहूनच गेला.

मला माहिती आहे, यावर दोन वार माझ्यावर होणार. एक म्हणजे, 'तुमचं खेडं तरी कुठं एवढं उदार होतं?' नव्हतंच. गावच्या पाणवठ्यावर काय चालायचं ते सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. कुणासाठी कप वेगळा खुंटीला, कुणाला ओंजळीत वरून पाणी. पारावर बाई कधी बसली नाही. म्हणजे लाऊंज आमच्याकडंही होता, फक्त त्याचं कार्ड जन्माबरोबर मिळायचं. म्हणून तर २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ते दार फोडायला एवढा लढा द्यावा लागला, आणि आपण आता काचेचं नवं दार बसवून त्याला सोय म्हणतोय.

दुसरा वार असा, की 'ज्यानं पैसे मोजले त्याला सोय मिळाली तर तुमचं का दुखतं?' दुखत नाही. कुणी मखमलीवर बसावं, कुणी मालिश करून घ्यावी. माझं म्हणणं एवढंच, की पाणी, बसायची जागा आणि परवडणारा घोट ही चैन नव्हे. आत फुकट म्हणून आणि बाहेर न परवडणारं म्हणून जिथं एकच चहा दोन जगांत मिळतो, तिथं लाऊंज बाहेरच्या महागाईवरच चालतो. बाहेर चांगली खुर्ची आणि स्वस्त चहा असता तर पुतण्या मला आत घेऊन गेला असता का?

पाण्याचं तर लातूरवाल्याला सांगूच नये. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. ज्याच्याकडं पैसा होता त्यानं खाजगी टँकर बोलावला, बाकीचे घागरी घेऊन रांगेत. लाऊंज फक्त विमानतळावर असतो असं नाही. सार्वजनिक नळ कोरडा पडला की तो गल्लीतही तयार होतो. आमच्या एसटीच्या बाटलीतल्या पाण्याचं नाव नाथजल. नाव ऐकलं की रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे पैठणचे नाथ आठवतात. बाटली विकायला हरकत नाही, पण शेजारचा नळ आधी चालू करा.

हे होत नाही असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २० रुपये. म्हणजे मनात आणलं तर जमतंय. मग सगळीकडंच का नाही? प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक फलाटावर, चाकूरसारख्या प्रत्येक एसटी स्टँडवर हे पाहिजे. पंख्याखाली पाठ टेकता येईल असा बाक, पिण्याच्या पाण्याचा चालू नळ, लेकरासाठी गरम पाणी, बायांना जाता येईल असं स्वच्छ संडास आणि दहा रुपयांचा चहा. एवढं सगळ्यांना द्या. मग उरलेल्या जागेत खुशाल सोफे टाका आणि त्याला कुलूप लावा. आमची ना नाही.