साठवलेल्या उन्हाचा हिशेब

आषाढात निर्मळच्या वाड्यांमधील बावखले तुडुंब भरली आणि समुद्राकडून वारा सुटला, की वीज जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविलेले आहेत, तेही घर शेजाऱ्यांप्रमाणेच अंधारात बुडते. पावसाने उघडीप देऊन ऊन पडले तरी पंखा फिरत नाही. मग एवढा खर्च करून साधले काय, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. नेट मीटरवर जोडलेली साधी सौरयंत्रणा महावितरणच्या वाहिनीच्या आधारानेच चालते. वाहिनीतील वीज जाताच तिचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या कामगाराला एखाद्या घरातून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही सोय केलेली असते. अशी यंत्रणा बिल कमी करते. अंधारात साथ देत नाही. त्यासाठी बॅटरी आणि तिला साजेसा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते; परंतु ते छतावरील यंत्रणेसाठी आहे. बॅटरीचा भार घरालाच उचलावा लागतो. म्हणूनच तिची निवड विचारपूर्वक व्हावयास हवी.

हा विचार दुकानातून नव्हे, घरातून सुरू व्हावा. वीज गेल्यावर काय चालू राहिलेच पाहिजे, याची यादी प्रथम करावी. समजा, ९ वॅटचे चार दिवे, ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे, आणि राउटर व मोबाइल मिळून २० वॅट. एकूण ११६ वॅट. दहा तासांस सुमारे १.२ युनिट. पंखे जुने, ७५ वॅटचे असतील, तर हीच गरज दोन युनिटांवर जाते. अशा घराने मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे अधिक शहाणपणाचे. विहिरीवरील पंप या यादीत नसावाच. सुरू होताना तो कित्येक पट वीज ओढतो. टाकी आधीच भरून ठेवणे सोपे.

परंतु त्याच घरात आजींना रात्री ऑक्सिजनचे यंत्र लागत असेल, तर सारा हिशेब पालटतो. असे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते. आठ तासांस २.८ युनिट. गरज एकदम चार युनिटांवर जाते. येथे काटकसर चालणार नाही. शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने भरलेला सिलिंडर जवळ ठेवावाच. यंत्रावर विसंबलेल्या श्वासाला एकच आधार पुरेसा नसतो.

आता बॅटरीचा प्रकार. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावतात. परंतु ती दीर्घकाळ टिकावी, तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हाती ०.८ युनिट उरते. म्हणजे पहिल्या यादीलाही अशा दोन बॅटऱ्या हव्यात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे ९० टक्के वापरता येते. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी आजींच्या घराची चार युनिटांची गरज जेमतेम भागवते. तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही आणि ती अधिक वर्षे टिकते. आरंभीचा खर्च मात्र अधिक. इन्व्हर्टर त्या प्रकारच्या बॅटरीसाठी योग्य आहे, याची लेखी खात्री करून घ्यावी. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वीज जाण्याचे दिवस आणि ढगाळ दिवस बहुधा एकच असतात. केवळ उन्हावर विसंबलेली बॅटरी ऐन वेळी रिकामी सापडते. म्हणून पावसाळ्यापुरते इन्व्हर्टरचे सेटिंग बदलून घ्यावे. बॅटरी वाहिनीवरूनही भरली जावी आणि वीज असताना तिला हात लागू नये.

जागेचा निर्णय करताना जुलै २०१८ आठवावा. त्या पुरात वसई तालुक्याचा मोठा भाग जलमय झाला आणि वीजपुरवठा दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. त्या वेळी पाणी जेथवर चढले होते, त्याहून बॅटरी वर असावी. ट्युब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते. मांडणी तितकी भक्कम हवी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर असावी, आणि देवघर व स्वयंपाकघरापासून दूर. तारा जाड व आखूड असाव्यात, बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज असावा. खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर गंजतात. त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. जोडणीचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

निकामी बॅटरीतील आम्ल वाडीत ओतणे म्हणजे माती आणि विहीर दोन्ही नासविणे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतानाच जुनी परत देण्याचे ठरवून घ्यावे.

सारे जुळल्यावर, मृग लागण्यापूर्वी एका संध्याकाळी मुख्य स्विच मुद्दाम बंद करावा. यादीतील वस्तू नेहमीप्रमाणे चालू ठेवून घड्याळ लावून बसावे. सकाळपर्यंत पंखा फिरत राहिला, आजींचे यंत्र अखंड चालले, तर हिशेब बरोबर आला. पहाटेआधीच बॅटरी संपली, तरी चूक उमगली ती वीज हाताशी असताना.