टोकदार गोळी आणि "काही होत नाही"

अमेरिकेत लोक घरी काडतुसं बनवतात असं भारतातल्या मित्रांना सांगितलं की त्यांना आधी थापच वाटते. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 चा. परवान्याशिवाय हा उद्योग केला तर पोलीस दारात. इथे मात्र तळघरात एक प्रेस, एक वजनकाटा आणि डबाभर वापरलेल्या पितळी पुंगळ्या घेऊन लोक हरणाच्या हंगामाआधीचे रविवार यात घालवतात. पुंगळीत नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून भरायची, वर गोळी दाबायची. माझा त्याला आक्षेप नाही. माझं भांडण आहे ते "काही होत नाही" या वाक्याशी, आणि ते मी लॅबमधल्या शिकारी सहकाऱ्याबरोबर दर वर्षी भांडतो.

विषय लिव्हर-ॲक्शन रायफलीचा. काउबॉयच्या सिनेमात चापाखालचा दांडा खटॅक-खटॅक करतात ना, तीच. जॉन ब्राउनिंगने बनवलेली 1894 ची विंचेस्टर घ्या किंवा 1948 साली आलेली मार्लिन 336. यांत नळीखाली आणखी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं. आणि त्या बुडाच्या मधोमध असतो प्रायमर, ज्याचं आयुष्यातलं काम एकच: ठोका बसला की पेटायचं!

आता तिथे टोकदार गोळी ठेवा. स्प्रिंगचा दाब आहेच, वर प्रत्येक बारानंतर धक्का. दुसऱ्या शब्दांत, तुम्ही मॅगझिनमध्ये स्वतःच्या हाताने फायरिंग पिन भरून ठेवलीत. आणि नेम धरताना एक हात नेमका त्या नळीला धरूनच असतो.

म्हणून या रायफलींसाठी चपट्या नाकाची गोळी असते. .30-30 काडतुसात साधारण 150 किंवा 170 ग्रेनची, म्हणजे दहा-अकरा ग्रॅमची. दाब पसरतो, प्रायमरवर टोचत नाही. शिवाय गोळीच्या कमरेला खाच हवी आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेत घट्ट मिटवलेलं हवं. नाहीतर स्प्रिंग आणि धक्क्याने गोळी आत सरकते, दारूला जागा कमी पडते आणि बाराचा दाब वाढतो.

सहकाऱ्याचा पहिला मुद्दा: "वीस वर्षं टोकदार वापरणारे लोक मला माहीत आहेत." असतील. हेल्मेटशिवाय वीस वर्षं स्कूटर चालवणारे काका मलाही माहीत आहेत. न झालेला अपघात हा सुरक्षिततेचा पुरावा नसतो.

दुसरा मुद्दा जास्त हुशारीचा: "मी एक काडतूस चेंबरमध्ये आणि एकच मॅगझिनमध्ये ठेवतो. टोक टेकणार कशाला?" भूमितीच्या दृष्टीने अगदी बरोबर! पण ही सुरक्षितता काडतुसात नाही, त्याच्या स्मरणशक्तीत आहे. पुढच्या वर्षी तीच रायफल मुलाने नेली, खिशात तीच काडतुसं सापडली आणि त्याने मॅगझिन भरलं, तर? जी गोष्ट आकार बदलून कायमची सुटते ती आठवणीवर सोडणं याला मी इंजिनिअरिंग म्हणणार नाही.

हे भय काल्पनिक वाटत असेल तर फ्रेंचांकडे बघा. त्यांच्या 1886 च्या लेबेल रायफलीतही अशीच नळी होती. 1898 मध्ये टोकदार गोळी आणायची ठरली तेव्हा त्यांनी सैनिकांना "जपून वापरा" एवढंच सांगून सोडून दिलं नाही. पुंगळीच्या बुडात प्रायमरभोवती गोल खाच कोरली, मागचं टोक तिच्यात अडावं म्हणून. तळघरात बसून .30-30 च्या पुंगळीला अशी खाच कोणी पाडत नाही.

हल्ली मऊ, रबरासारख्या टोकाच्या गोळ्या मिळतात. हॉर्नडीच्या एफटीएक्स खास नळीच्या मॅगझिनसाठीच आहेत आणि तो चांगला तोडगा आहे. पण त्याच कंपनीच्या एसएसटी गोळीचंही टोक लालच, फक्त ते कडक. रंग बघून नव्हे, डब्यावरचं नाव वाचून घ्या. आणि काही काडतुसांत त्यांच्यासाठी पुंगळी नेहमीपेक्षा तोकडी कापावी लागते, तेही पुस्तिकेत वाचा.

अपवाद आहेत. सॅव्हेज 99, 1895 ची विंचेस्टर, ब्राउनिंग बीएलआर याही लिव्हरच्याच, पण त्यांत काडतुसं टोकाला टोक लावून बसत नाहीत, तिथे टोकदार चालते. .22 रिमफायरमध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे मध्यावर टेकलेलं गोल नाक चालतं. म्हणजे प्रश्न लिव्हरचा नाहीच. कोणतं टोक कशावर टेकतं, एवढाच आहे.

आणि हा सगळा अट्टहास कशासाठी? टोकदार गोळी हवेत वेग जास्त टिकवते म्हणून. अहो, दाट झाडीत हरीण शंभर यार्डांवर दिसलं तरी नशीब! तेवढ्या अंतरात चपटी गोळी काही कमी पडत नाही. ज्याला तीनशे यार्डांवर मारायचंच आहे त्याने खुशाल बोल्टची रायफल घ्यावी. नळीच्या मॅगझिनमध्ये मात्र चपटं नाक, नाहीतर त्यासाठीच बनवलेलं मऊ टोक. यात मताला जागा नाही.