संकेतस्थळाचाही टंच बघा

हुपरीत आलेली चांदीची वीट कुणी थेट मुशीत घालत नाही. आधी टंच म्हणजे शुद्धता, मग वजन, मग हिशेब. वीट देणारा वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी टंच काढला जातोच. त्यालाही त्यात अपमान वाटत नाही, कारण उद्या तोही आपल्या मालाचा टंच बघणार असतो. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाखाचा भाव मागे टाकला, तेव्हापासून तर अर्ध्या टंचाचा फरकही कुणी सोडत नाही. आणि हीच माणसं मोबाइलवर आलेली लिंक उघडतात, आधार क्रमांक भरतात, ओटीपी देतात, कच्च्या मालासाठी आगाऊ रक्कम पाठवतात. समोरचं संकेतस्थळ कुणाचं, हे विचारायचं मात्र राहून जातं. आपल्या धंद्यात आज जी फसवणूक होते, तिचं दार बहुतेक वेळा इथेच उघडतं.

टंच काढणारा हा तिसरा माणूस असतो, ना देणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. संकेतस्थळाच्या बाबतीतही हा एकच नियम पाळावा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. संकेतस्थळ स्वतःबद्दल जे सांगतं, ते त्याच्याच पानावर तपासून काही उपयोग नाही. प्रमाणपत्राचं चित्र, समाधानी ग्राहकांचे अभिप्राय, ‘शासनमान्य’ हा शिक्का हे सगळं पान बनवणाऱ्याच्याच हातातलं असतं. खात्री करायची ती ज्या नोंदीवर त्याचा हात पोचत नाही, तिथे जाऊन.

उद्यम नोंदणीचंच बघा. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची नोंदणी उद्यम पोर्टलवर होते. ती पूर्ण मोफत आहे, कागदपत्रं चढवावी लागत नाहीत, नूतनीकरण लागत नाही, आणि या कामासाठी कोणत्याही खासगी संस्थेला किंवा व्यक्तीला अधिकार दिलेला नाही, असं केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाने जाहीरपणे सांगितलं आहे. तरीही ‘उद्यम’ शब्द शोधला की सरकारी पानासारखे रंग, तसाच अर्ज आणि अशोकस्तंभाची आठवण करून देणारं चिन्ह असलेली खासगी पानं समोर येतात. अर्ज भरून झाला की शेवटी फी मागतात. ‘आम्ही खासगी सल्लागार आहोत’ ही ओळ पानाच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरात असते. फी गेली त्याचं दुःख एक वेळ सोडा. आधार, पॅन, मोबाइल क्रमांक आणि धंद्याचा पत्ता एकत्र कुणाच्या तरी हाती पडला, ही खरी काळजी. पुढे ‘तुमच्या उद्यमचं नूतनीकरण राहिलंय’ म्हणून फोन आला, तर तो खोटाच समजावा. पीएम विश्वकर्मा योजनेत सोनार कारागीर बसतात, तिची नोंदणीही कॉमन सर्व्हिस सेंटरवर मोफत होते. तिच्या नावाने पैसे मागणारं पानही त्याच माळेतलं.

मग सरकारी पान ओळखायचं कसं? ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता वाचायला शिकावं लागेल. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघेच्या लगत ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर पान सरकारी. ही शेपटी खासगी माणसाला विकत मिळत नाही. पण समजा पत्ता ‘उद्यम डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा असेल, तर त्या पानाचा मालक ‘अमुक डॉट कॉम’ आहे. त्याआधीचे सरकारी वाटणारे शब्द त्याने फक्त पुढे लावून घेतलेत. मोबाइलच्या पडद्यावर पट्टी आखूड असल्याने नेमका हा शेवटचा भागच झाकला जाऊ शकतो. म्हणून पट्टीवर बोट ठेवून अख्खा पत्ता उघडून बघा.

पत्त्याशेजारच्या कुलपावर अजूनही अनेकांचा भरवसा आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या मोबाइलपासून त्या पानापर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की लबाड, हे ते सांगत नाही. ते कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र आज फुकटात मिळतं, भामट्यालाही मिळतं. लोकांचा हा गैरसमज बघूनच गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं.

आता व्यापाराकडे येऊ. अनोळखी पार्टी संकेतस्थळावरून पैंजणांची मोठी ऑर्डर देते, किंवा बाजारभावापेक्षा स्वस्त चांदी देऊ करते. अशा वेळी तिचा जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, तमिळनाडू ३३, उत्तर प्रदेश ०९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर मालकी सांगतं: व्यक्तीसाठी ‘पी’, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’, कंपनीसाठी ‘सी’. म्हणजे नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर ‘पी’ असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. राजकोटचा पत्ता आणि सुरुवात ०९ ने असेल, तर त्याचा खुलासा विचारा. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो क्रमांक घाला. लॉगिन लागत नाही. कायदेशीर नाव, धंद्याचं मुख्य ठिकाण, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. पानावर ‘तीन पिढ्यांची पेढी’ लिहिलंय आणि नोंदणी गेल्या महिन्यातली आहे, तर थांबलेलं बरं.

दुसऱ्याच्या खऱ्या पेढीचा क्रमांक उचलून लावणारेही आहेत. त्यांना पकडायची जागा म्हणजे बँक खातं. पोर्टलवरचं कायदेशीर नाव आणि खातेदाराचं नाव जुळलं पाहिजे. आरटीजीएस-एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी बघण्याची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला सांगितली होती. यूपीआयमध्येही पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नाव दिसतं. तिथे पेढीच्या जागी भलत्याच माणसाचं नाव आलं आणि ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ असं उत्तर मिळालं, तर पैसे पाठवू नका. बँकांच्या स्वतःच्या संकेतस्थळांची ओळख तर आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देऊन सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं. सहकारी बँकाही त्यात आल्या. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकला ही शेपटी नसेल, तर तिथे पासवर्ड टाकू नका.

एवढी चौकशी केली तर पार्टी बिथरेल, ऑर्डर हातची जाईल, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. आपला धंदा शब्दावर वाढला. पण तो शब्द कधीच हवेतला नव्हता. सेलमचा व्यापारी नवा असला तर कुणीतरी जुना व्यापारी त्याची हमी घ्यायचा, मगच माल सुटायचा. संकेतस्थळामागे असा हमीदार नसतो, म्हणून त्याची जागा सरकारी नोंदीला द्यायची. खऱ्या व्यापाऱ्याला जीएसटी क्रमांक सांगायला जड जात नाही. घाई करतो, ‘आजच पैसे नाही आले तर भाव बदलेल’ म्हणतो, त्याच्याशी व्यवहार न झालेलाच चांगला.

हा नियम आपल्यालाही लागू आहे, आणि इथे आपण कमी पडतो. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोलीतल्या कारखान्यात बनलेल्या मालाचे फोटो उचलून कुणीही ‘अस्सल हुपरी पैंजण’ म्हणून दुकान मांडू शकतो. दूरच्या गिऱ्हाईकाने खरं-खोटं ओळखायचं कसं? आपल्यातल्या अनेकांच्या पानावर फक्त फोटो आणि व्हॉट्सॲप क्रमांक असतो. पेढीचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, जीएसटी क्रमांक आणि माल परत घेण्याचे नियम लिहा. हॉलमार्क करत असाल तर तेही सांगा. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यालाही एचयूआयडी मिळतो. हॉलमार्क ऐच्छिक असला तरी तो सहा अक्षरी क्रमांक गिऱ्हाईक बीआयएस केअर ॲपवर स्वतः तपासू शकतं. परगावच्या गिऱ्हाईकासमोर आपल्या बाजूने बोलणारा याहून भक्कम साक्षीदार आज दुसरा नाही.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी रात्रभर गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती अडवता येते, तासागणिक ती शक्यता कमी होत जाते. ही वेळ येऊच नये म्हणून शेवटचं एक. बहुतेक घरांत अर्ज भरतात ती पोरं, सुना किंवा हिशेबनीस, पैसे सोडतो तो मालक. भरणाऱ्याला वाटतं मालकाने बघितलं असेल, मालकाला वाटतं पोरांना मोबाइलमधलं कळतं. दोघांनी एकत्र बसून पत्ता आणि खात्यावरचं नाव वाचावं, मगच पैसे सोडावेत. कारखान्यात ही पद्धत याच आठवड्यात लावून घ्या.