तलवारीचा तोरा, हातोडीचा घाव

तलवारीचे नशीबच थोर. ती परजता येते, गाजवता येते, वेळ आली तर म्यानही करता येते. युरोपच्या मध्ययुगावरचा कुठलाही चित्रपट घ्या. घोड्यावरचा सरदार तलवार फिरवतो आणि समोरचा पोलादी चिलखतातला माणूस काकडीसारखा चिरला जातो. मुले डोळे विस्फारून बघतात, आपणही बघतो. पण हे थोतांड आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडचे सधन सरदार नखशिखान्त पोलादी पत्र्याचे चिलखत घालू लागले आणि त्या गोलाईवरून तलवारीची धार नुसती घसरू लागली. मग स्वारांनी जे हत्यार जवळ केले, ते सुताराच्या पेटीतून उठून आल्यासारखे होते : हातोडी.

हातोडीच म्हणायची, घण नव्हे. एका हातात लगाम असताना दुसऱ्या हाताने चालवायचे हत्यार ते. वजन साधारण दीड किलोच्या आतबाहेर, लांबी दोन-अडीच फूट. एका अंगाला बोथट तोंड, दुसऱ्या अंगाला टोकदार चोच. अशा चोचीच्या एका हत्याराला फ्रेंचांनी ‘कावळ्याची चोच’ असेच नाव दिले. बोथट तोंडाला चिलखत फोडण्याची गरजच नसे. शिरस्त्राण शाबूत राही, हादरा मात्र आतल्या डोक्याला बसे. चोचीचे काम निराळे. हाताचा सगळा जोर एका टोकावर आणून पत्र्याला भोक पाडायचे.

कुऱ्हाड त्याआधीची. २३ जून १३१४ रोजी, बॅनकबर्नच्या मुख्य लढाईच्या आदल्या दिवशी, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस एका लहानशा घोड्यावर होता. हेन्री डी बोहन हा इंग्रज सरदार भाला रोखून त्याच्यावर चालून आला. ब्रूसने ऐनवेळी घोडा बाजूला घेतला, रिकिबीत उभा राहिला आणि एकाच घावात शिरस्त्राणासकट डोके फोडले. एवढा धोका पत्करल्याबद्दल सरदार रागावले, तर राजा म्हणे, माझ्या चांगल्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला! ही हकीकत जॉन बार्बर या कवीने साठेक वर्षांनी लिहिली, त्यामुळे थोडे मीठमसाला धरून चालावे.

रणांगणावरच्या या गोष्टी रंगतदार खऱ्या. पण हे हत्यार घरी आल्यावर काय झाले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते पाहायला पोलंडमध्ये जावे लागते. तिथल्या पंखवाल्या हुसार स्वारांकडे ही चोचीची हातोडी असे. तिला ते ‘नाद्झाक’ म्हणत. तिचीच भावंडे म्हणजे चेकान आणि ओबुख. युद्ध संपले तरी उमराव ती सोडीनात. दांडा लांब करून हातातली काठी म्हणून ते ती मिरवू लागले. लग्नाला, बाजाराला, मेजवानीला. चार पेले पोटात गेले की काठीची पुन्हा हातोडी होई. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या संसदेने, म्हणजे सेजमने, ती बाळगण्यावर बंदी घालणारे कायदे केले. ते कितपत पाळले गेले, हे अठराव्या शतकातल्या येंजेय कितोविच या धर्मगुरूने रंगवलेल्या समाजचित्रातून कळते. त्यात ओबुख आहेच!

कितोविचचे एक निरीक्षण मला विसरता येत नाही. तलवारीने वार केला की रक्त दिसते आणि रक्त पाहून मारणाऱ्याचा संताप ओसरतो. ओबुखाने कातडी फाटत नाही, बरगड्या मोडतात. रक्त दिसत नाही म्हणून मारणारा भानावर येत नाही. तो मारतच राहतो. शस्त्रांवरच्या जाड ग्रंथांतून चोचीचे कोन आणि दांड्याच्या लांब्या मोजलेल्या सापडतात, पण शस्त्र चालवणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे या पाद्रीबुवांनी दोन वाक्यांत सांगितले. तलवारीभोवतीचे पराक्रमाचे वलय मुलांना दाखवायचे असेल, तर शेजारी ही हातोडीही ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोलंडच्या राजालाही तिचा प्रसाद मिळाला. १५ नोव्हेंबर १६२० रोजी, रविवारी, वॉर्सात प्रार्थनेसाठी चर्चमध्ये शिरणाऱ्या तिसऱ्या सिगिस्मुंडवर मिखाव पिएकार्स्की नावाच्या उमरावाने चेकानने हल्ला चढवला. मनाने अस्थिर ठरवून त्याच्या मालमत्तेचा कारभार नातेवाइकांकडे दिलेला होता. राजा जखमी झाला, पण वाचला. पिएकार्स्कीचे हालहाल झाले आणि छळात तो असंबद्ध काहीबाही बरळला. कुणी वायफळ बडबडू लागला की पोलिश माणूस ‘छळातल्या पिएकार्स्कीसारखा बरळतोय’ असे म्हणतो. चेकान विस्मरणात गेला. म्हण मात्र राहिली.