हौसेला मोल नाही, पण मोटरसायकलला आहे

संध्याकाळचा चहा झालेला असतो, मुलं अभ्यासाला बसलेली असतात, आणि ‘हे’ एकाएकी फार मवाळ आवाजात बोलू लागतात. मोबाइल पुढे धरून म्हणतात, “नुसतं बघ गं. घ्यायचीच असं नाही.” बघावं तर रुंद टाकीची, लांबलचक, ठेंगणी, काळी कुळकुळीत मोटरसायकल! मैत्रिणींनो, “नुसतं बघ” याचा अर्थ मी तुम्हांला सांगायला नको. साडीच्या दुकानात आपणही हेच म्हणतो.

अशा गाडीला क्रूझर म्हणतात. बैठक खाली, हँडल रुंद, पाय पुढे सोडलेले. मोकळ्या लांब रस्त्यावरून निवांत जाण्यासाठी केलेली. नवी घ्यायची तर पाचसहा लाखांची भाषा, त्यात सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या मोटरसायकलींवर जीएसटी 40 टक्के झाला. म्हणून सेकंडहँडकडे डोळे वळतात. आणि तिथे हमखास भेटते ती हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट 750. ही गाडी 2014 मध्ये आपल्याकडे चार लाखांच्या थोड्या वर किमतीला आली, हरियाणातल्या बावल इथे तयार होत असे. नाव मोठं आणि जुनी घेतली तर आवाक्यातली, त्यामुळे पुरुषमाणूस विरघळतो.

आता लगेच “नको म्हणजे नको” म्हणून पदर खोचून उभ्या राहू नका. सरळ नकार दिला की विषय मिटत नाही, तो ऑफिसातल्या मित्रांकडे जातो, आणि एक दिवस गाडीच दारात येते. त्यापेक्षा चार प्रश्न आपणच विचारावेत, तेही हिशेबाची वही उघडून.

पहिला प्रश्न असा, की ही गाडी घरातली एकमेव गाडी असणार आहे की दुसरी? यावर बरंच ठरतं. रोज ऑफिसला, भाजीला, मुलांच्या क्लासला हीच न्यायची असेल तर मी स्पष्ट नाही म्हणेन. हिचं वजन सव्वादोनशे किलोंहून जास्त, म्हणजे आपल्या साध्या शंभर सीसीच्या गाडीच्या दुप्पट. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. कळतं ते मंडईच्या गल्लीत गाडी मागे घेताना, पावसात सोसायटीच्या उतारावर वळवताना. शिवाय दोन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला थांबलं की तापतं आणि ती धग थेट मांडीला लागते. मे महिन्यात लक्ष्मी रोडवर ही गाडी म्हणजे शेगडीवर बसणंच की! घरात स्कूटर आहे, ही फक्त रविवारी, सुट्टीला बाहेर काढायची, असं असेल तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. मागितलेली किंमत ही नुसती सुरुवात असते. माझा हिशेब असा, की किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळा काढता येत नसेल तर गाडी परवडत नाही. दोन टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल आणि फिल्टर, सगळी सर्व्हिस. मोठ्या गाडीचं प्रत्येक बिल मोठंच. पेट्रोलचं गणित तर तोंडीच करता येतं. ही लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास जाते. महिन्याला पाचशे किलोमीटर धरले तर पंचवीस लिटर. स्कूटरला तेवढ्यालाच दहा-अकरा लिटर पुरतात. त्रयस्थ विम्याचे दर 2022 मध्ये ठरले, त्यात 350 सीसीवरच्या दुचाकीला वर्षाला 2804 रुपये आहेत. 75 ते 150 सीसीच्या गाडीला 714. चौपट झालं की नाही? हे सगळे आकडे भांडणासाठी नाहीत. ते एका कागदावर शेजारी शेजारी लिहून यांच्या हातात द्यावेत आणि आपण चहा टाकायला जावं. आकडे स्वतःच बोलतात.

पैसे कुठून येणार हेही त्याच कागदावर. बोनसमधून, भिशीतून येत असतील तर हौस आहे, होऊ द्या. मुलीच्या शिक्षणाची मुदतठेव मोडून, किंवा जुन्या गाडीवर चढ्या व्याजाचं कर्ज काढून येणार असतील, तर इथेच वही मिटवावी. हौस कर्जाने करू नये, कारण हौस सहा महिन्यांत शिळी होते आणि हप्ता तीन वर्षं ताजा राहतो.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती कोण करणार? सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीने भारतातला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन विक्री, सर्व्हिस आणि सुटे भाग त्यांच्याकडे गेले. म्हणजे गाडी अनाथ नाही, पण स्ट्रीट 750 आता तयारही होत नाही. तेव्हा गाडी पाहण्याआधीच जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करावा. मागच्या चाकाचा पट्टा, ब्रेक पॅड, क्लचच्या प्लेटा मिळतात का, किती दिवसांत, कितीला, हे विचारून घ्यावं. (या गाडीला साखळी नसते, दातेरी पट्टा असतो.) तुमच्या गावापासून ते ठिकाण दोनशे किलोमीटरवर असेल तर प्रत्येक सर्व्हिसला एक दिवस आणि एका टेम्पोची शक्यता धरून चाला. नाक्यावरच्या मेस्त्रीचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्या कपाटात हिचे भाग नसतात.

आणि आता चौथं, जे कुणी विचारतच नाही. मागे बसणार कोण? आपणच! अनेक क्रूझरना मागची बैठक म्हणजे पाटाएवढीसुद्धा नसते, चटणीच्या ताटलीएवढी असते. जाहिरातीतल्या फोटोत मागे कुणी बसलेलं नसतं, याचं कारण हेच असावं. म्हणून गाडी बघायला तुम्हीही जा, आणि मागे बसून निदान अर्धा तास फेरी मारून या. दहा मिनिटांत कंबर काही सांगत नाही, अर्ध्या तासात सगळं सांगते. एका बाजूला पाय सोडून बसणं या गाडीवर मनातही आणू नका.

नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल अशी जाळी, आपण साडीगार्ड म्हणतो ती, असावी लागते. हौशी मालक नेमकी हीच जाळी काढून माळ्यावर टाकतात, कारण तिने म्हणे गाडीची ऐट जाते. ओढणी चाकात गेली की काय जातं, ते त्यांना विचारावं. जाळी परत बसवून दिल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका. हेल्मेट दोघांनाही कायद्याने हवंच. तुमचं वेगळं, तुमच्या मापाचं, त्याच दिवशी घ्यायचं.

गाडी बघायला सकाळी जावं, आणि विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावं की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. तापवलेलं इंजिन लबाड असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2319 असले तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं, त्याचे पैसे किमतीतून वजा करायचे. हँडलची टोकं, आरसे, ब्रेकचा दांडा, पाय ठेवायच्या दांड्या यांवर खरवड दिसली तर गाडी त्या अंगावर पडलेली आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नको. मीटर आठ हजार किलोमीटर सांगतोय आणि मुठीचं रबर गुळगुळीत झालंय, तर खरं रबर बोलतंय. शेवटी सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी. त्याची फी म्हणजे वाया गेलेले पैसे नव्हेत. बंपर मोठा, सायलेन्सर बदललेला, आवाज असा की गल्लीतली पोरं उठून बसतील, अशी गाडी तर घेऊच नये. मूळ सायलेन्सर परत बसवायचा खर्च आपला आणि पोलिसांची पावतीही आपलीच.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक एकदम अडकत नाही. एवढ्या वजनाच्या गाडीला ते असायलाच हवं. सुरुवातीच्या स्ट्रीटना ते नव्हतं. स्वस्त मिळते म्हणून तसली जुनी घेऊ नका, माझं ऐका.

कागदांचं थोडक्यात सांगते. आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का, चासीचा आणि इंजिनाचा नंबर जुळतो का, दंडाच्या पावत्या थकल्यात का, हे पाहावं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो नमुना 35 आणि बँकेच्या ना-हरकत पत्राने उतरवून घ्यावा. नाव बदलायला नमुना 29 आणि 30. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र हवं आणि इथला कर नव्याने भरावा लागतो, म्हणून दिल्ली-कर्नाटकाच्या स्वस्त गाड्यांना भुलू नये. नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2014 ची गाडी 2029 मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागेल, वर पर्यावरण कर.

नाव बदलताच चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून मागायचा असतो. हे काम बहुतेक घरांत राहून जातं. मालक-चालकाला 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो मागे बसणाऱ्याला लागू होत नाही. तेव्हा पॉलिसी करताना मागच्या बैठकीसाठीचा अपघात विमा वेगळा लिहून मागा, आणि पॉलिसीत वारसदार म्हणून कुणाचं नाव लिहिलंय तेही वाचून घ्या. लग्नाआधीच्या पॉलिसीवरून उतरवून घेतलेलं नाव पुष्कळदा सासूबाईंचंच असतं.